पाचव्या दिवसाची प्लेट

त्यांचं आडनाव बेडके नव्हतं. पण रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जंतू तपासायच्या प्रयोगशाळेत, गेली सव्वीस वर्षं त्या लोकांचे बेडके तपासत होत्या, म्हणून सगळे त्यांना बेडकेबाई म्हणत. नव्याने आलेल्या डॉक्टरांना ते खरंच आडनाव वाटायचं. एकाने तर अगदी अदबीने विचारलं होतं, "बेडके म्हणजे तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"छातीतल्या," बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

हे टेबल त्यांनी हौसेने मागून घेतलेलं नव्हतं. प्रयोगशाळेतही उच्चनीच असतंच. रक्ताच्या टेबलाला मान. रक्त तपासणारे घरी जाऊन छाती पुढे काढून सांगतात. लघवीचं टेबल मध्यमवर्गीय, कोणी फार बोलत नाही पण चालून जातं. बेडक्याचं टेबल मात्र खिडकीपासून लांब, मोरीच्या शेजारी. बाई नोकरीला लागल्या तेव्हा त्या सगळ्यांत नव्या होत्या, म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडलं. पुढे त्यांच्यानंतर बावीस माणसं आली, पण टेबल काही गळ्यातून निघालं नाही. प्रत्येक नव्या माणसाला काही ना काही अडचण असायची. कोणाला उलटी यायची, कोणाच्या सासरच्यांना आवडायचं नाही.

बाईंचे यजमान शाळेत चित्रकला शिकवत. माणूस भला, पण जेवताना "आज काय झालं?" एवढं विचारायचं धाडस त्यांनी इतक्या वर्षांत एकदाच केलं. नणंद यायची तेव्हा शेजाऱ्यांना सांगायची, "वहिनी मोठ्या हॉस्पिटलात आहे." कोणत्या कामावर, हे विचारायच्या आत ती स्वतःच्या मुलीच्या पगारावर घसरायची.

आणि बाईंना स्वतःला? त्यांना ते काम आवडत होतं. हे त्या कोणाजवळ बोलत नसत, कारण ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. डबी उघडल्याबरोबर त्या सांगायच्या, हा बेडका आहे की नुसती थुंकी. थुंकी असली की डबी खिडकीतून परत. "तोंडातलं नको, छातीतलं हवं. जा, नीट खोकून आणा." मोठमोठे अधिकारी त्या खिडकीतून मान खाली घालून परत गेले होते. बेडका पसरून उबेला ठेवलेल्या प्लेटीवर उगवलेल्या जंतूचा त्यांना रंगावरून, कडेवरून अंदाज यायचा. एक हिरवा जंतू तर वासावरूनच ओळखू यायचा, त्याला पिकलेल्या द्राक्षांचा वास येतो. असा वास घेऊ नये असा नियम आहे. बाई मुद्दाम नाक खुपसत नसत. पण नाक काही घरी ठेवून येता येत नाही.

आता ज्या मुलीमुळे पुढचं सगळं घडलं तिच्याविषयी. तिला सिस्टिक फायब्रोसिस होता. हा आजार जन्मापासून असतो. शरीरातला चिकट स्राव पातळ राहत नाही, डिंकासारखा घट्ट होतो, आणि फुप्फुसात साचून बसतो. त्या डिंकात जंतूंना आयतं घर मिळतं. म्हणून अशा रुग्णांनी दर तीन महिन्यांनी बेडका तपासून घ्यायचा असतो: आत कोण राहायला आलंय ते वेळेवर कळावं आणि त्याप्रमाणे औषध बदलावं. मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून येत होती. पहिल्यांदा बापाचं बोट धरून आली, आता बावीस वर्षांची झाल्यावर एकटी येत होती. एका टेलिफोन कंपनीत ग्राहकांना नवी योजना गळ्यात मारायचं काम करायची. मध्येच खोकला आला की ग्राहक फोन ठेवून द्यायचे. ती म्हणायची, "माझ्यासारखी लोकांचे पैसे वाचवणारी विक्रेती दुसरी नाही."

त्या वर्षी प्रयोगशाळेत मशीन आलं. विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, त्यांनी ते आणवलं होतं. मशीन खरोखर चांगलं होतं. जंतूचा ठिपका त्यात ठेवला की दहा मिनिटांत त्याचं नाव सांगायचं. फीत कापली, फोटो निघाले. फोटोत मोठे साहेब मशीनच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, जणू ते लेकच होतं आणि नुकतंच पहिल्या नंबराने पास झालं होतं. बाईंनी फक्त एकच विचारलं, "साहेब, जंतू उगवायला लागणारे दिवस हे कमी करणार का?"

"बाई, तुम्ही जुन्या काळात राहता," साहेब म्हणाले. हे उत्तर नव्हतं, पण साहेबांची बरीचशी उत्तरं अशीच असत.

मशीनबरोबर भिंतीवर एक फलकही आला. 'सरासरी अहवाल कालावधी' असं त्यावर लिहिलेलं, आणि खाली रोज खडूने आकडा. आकडा जितका लहान तितके साहेब मोठे. पूर्वी या रुग्णांच्या प्लेटा पाच दिवस ठेवत, कारण काही जंतू आळशी असतात, चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे उघडतात. पाच दिवसांमुळे फलकावरचा आकडा बिघडायला लागला. साहेबांनी परिपत्रक काढलं: यापुढे सर्व प्लेटा दोन दिवसांनी टाकून द्याव्यात. जंतूंना हे परिपत्रक कोणी वाचून दाखवलं नाही.

त्यानंतर आठ महिन्यांत मुलीचे तीन रिपोर्ट गेले. दोनदा तोच जुना हिरवा जंतू, एकदा 'विशेष काही आढळलं नाही'. छातीच्या डॉक्टरांनी हिरव्यावरचं औषध वाफेतून दिलं, मग डोस वाढवला. मुलीचं वजन सहा किलोंनी उतरलं. फुंकून श्वास मोजायच्या यंत्रावरचा आकडा दर खेपेला खाली. चौथ्या खेपेला ती खिडकीशी आली ती हातात जुना रिपोर्ट घेऊनच.

"बाई, हे तुम्ही लिहिलंय? विशेष काही नाही?"

"सही माझी आहे."

"मग माझ्या फुप्फुसांना एकदा वाचून दाखवा ना. त्यांना अजून कळलेलं नाही की विशेष काही नाही." एवढं बोलून तिला ढास लागली. दोन मिनिटं ती खिडकीची कड धरून वाकली होती. मग तोंड पुसून तिने डबी पुढे सरकवली. "घ्या, आत्ताचाच आहे, ताजा. छातीतला. तुमच्याच पद्धतीने काढलाय."

मागे रांगेत कोणी तरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांना ते झोंबलं, आणि झोंबलं ते मुलीच्या जिभेमुळे नाही. दोन दिवसांनी प्लेट टाकून देताना त्यांना दर वेळी वाटायचं की हे बरोबर नाही, आणि दर वेळी त्यांनी ती मुकाट्याने लाल पिशवीत टाकली होती. आठ महिने. सही त्यांचीच होती.

त्या दिवशी बाईंनी कपाटाच्या तळातून एक डबा काढला. त्यात एका खास माध्यमाची पूड होती: हिरव्याला आणि इतर रेटारेटी करणाऱ्या जंतूंना दाबून ठेवायचं आणि आळशाला जागा द्यायची, असं तिचं काम. साध्या प्लेटीवर हिरवा दोन दिवसांत असा हातपाय पसरतो की शेजारी कोणी आहे हे दिसतच नाही. डब्यावरची मुदत संपायला दोन महिने होते. बाईंनी प्लेटा ओतल्या. मग जुना इन्क्युबेटर, म्हणजे जंतू उबवायची पेटी, उघडली. त्यात साहेबांनी मागच्या पाच वर्षांची परिपत्रकं ठेवली होती. बाईंनी ती काढून टेबलाखाली रचली, पेटी पुसली, तापमान लावलं आणि प्लेटा आत ठेवल्या. साहेबांच्या परिपत्रकांना इतकी वर्षं ऊब मिळून काही उगवलं नव्हतं, आता जंतूंना संधी द्यायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी बाईंनी प्लेट उजेडात तिरकी धरली तर सुईच्या टोकाएवढे ठिपके. डोळ्यांना भास झाला असेल म्हणून त्यांनी चष्मा पुसला. पाचव्या दिवशी ठिपके राईएवढे झाले होते आणि भोवतीच्या माध्यमाचा रंग पालटला होता. हा जंतू त्यांनी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एकदा पाहिला होता. बर्कहोल्डेरिया. नाव घेताना दात सांभाळावे लागतात, आणि हिरव्यावरचं ते वाफेचं औषध याच्यावर पाण्याइतकंच चालतं. म्हणजे मुलगी आठ महिने पाणीच ओढत होती.

त्यांनी ठिपका मशीनला दिला. मशीनने दहा मिनिटांनी सांगितलं: 'खात्रीलायक ओळख नाही.' मशीनचं यात काही चुकलं नव्हतं. त्याच्या पोटातल्या यादीत हा नीट भरलेला नव्हता, आणि त्याने ते प्रामाणिकपणे कबूल केलं होतं. एवढा प्रामाणिकपणा त्या मजल्यावर इतरत्र नव्हता.

"मशीन नाही म्हणतंय," साहेब म्हणाले.

"मशीन नाही म्हणत नाहीये, साहेब. मला माहीत नाही म्हणतंय."

"एकच झालं. तुमच्या हातून बाहेरचं काही तरी पडलं असेल. आणि पाच दिवस प्लेट ठेवली कोणी?"

"मी."

"परिपत्रक वाचलं नाही?"

"वाचलं. उबवणीच्या पेटीत होतं."

साहेबांना विनोद कळत नसे, त्यामुळे बाई वाचल्या. पण असा रिपोर्ट बाहेर जायला साहेबांचीही सही लागायची, ती त्यांनी केली नाही. बाईंनी मग आणखी एक उद्योग केला. या आजाराचे एकूण नऊ रुग्ण त्या रुग्णालयात यायचे. महिनाभरात त्यातल्या ज्यांच्या ज्यांच्या डब्या आल्या त्या सगळ्यांच्या प्लेटा बाईंनी पाच-पाच दिवस ठेवल्या. तिघांत तोच सापडला: ती मुलगी, एक बारा वर्षांची शाळकरी पोर, आणि एक तरुण गणिताचा शिक्षक.

खात्री करायची तर नमुने दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संदर्भ प्रयोगशाळेत पाठवायला हवे होते, आणि त्याला साहेबांची सही हवी. बाईंना साहेबांची एक सवय ठाऊक होती. परिषदेला जायच्या आदल्या दिवशी ते पुढ्यात आलेल्या कुठल्याही कागदावर सही करत. त्या दिवशी त्यांचं लक्ष सुटाच्या इस्त्रीत असे. बाईंनी सुट्टीचे अर्ज, हातमोज्यांची मागणी, गळक्या नळाची तक्रार अशा गठ्ठ्यात आपला कागद मधोमध घातला. साहेबांनी चौदा सह्या ठोकल्या आणि विचारलं, "नळ अजून गळतोच का?" बाई म्हणाल्या, "आता थांबेल बहुतेक."

पण मधल्या काळात थांबायचं कसं? मुलगी तर उतरत चालली होती. बाई स्वतः जिना चढून छातीच्या डॉक्टरांकडे गेल्या. सव्वीस वर्षांत त्या पहिल्यांदाच त्या मजल्यावर गेल्या होत्या. डॉक्टरांना त्या कोण हेच कळेना. बाईंनी एका कोऱ्या कागदावर हाताने लिहून आणलं होतं: कोणात काय उगवलं, कितव्या दिवशी, किती वेळा. खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि सही.

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. "हे अधिकृत आहे?"

"नाही," बाई म्हणाल्या. "हे खरं आहे."

डॉक्टरांनी मुलीला बोलावून दाखल केलं आणि तिघांचंही औषध बदललं.

तीन आठवड्यांनी संदर्भ प्रयोगशाळेचं उत्तर आलं. जंतू तोच. आणि पुढची ओळ वाचून बाई खुर्चीत बसल्या: तिघांचाही जंतू एकाच वंशातला. म्हणजे तिघांनाही तो एकाच ठिकाणाहून मिळाला होता. आणि हे तिघे एकमेकांना कधी भेटलेलेच नव्हते. या आजाराच्या रुग्णांना मुद्दाम वेगवेगळ्या दिवशी बोलावतात, एकाचा जंतू दुसऱ्याला लागू नये म्हणून.

तिघं जात असतील अशी एकच खोली होती. तळमजल्यावर फिजिओथेरपीवाल्या ताई रुग्णांची पाठ थोपटून कफ सुटा करायच्या आणि एका उपकरणात फुंकायला लावायच्या. ताई टापटिपीच्या. प्रत्येक रुग्णानंतर फुंकायच्या नळ्या त्या जंतुनाशकाच्या टबात बुडवून ठेवायच्या.

"टब कधी धुता?" बाईंनी विचारलं.

ताई दुखावल्या. "टब कशाला धुवायचा? जंतुनाशकाचाच तर आहे! कमी झालं की कॅनमधलं पाण्यात मिसळून वर ओतते. वर्षभर एक दिवस खाडा नाही."

बाईंनी टबातलं चमचाभर पाणी बाटलीत घेतलं. पाचव्या दिवशी प्लेटीवर तोच, आणि असा तरारून आलेला, जणू माहेरपणाला गेला होता. पातळ केलेल्या जंतुनाशकात हा जंतू मरत नाही, संसार थाटतो. ज्यांना त्याच्यापासून सगळ्यात जास्त जपायचं, त्यांच्याच तोंडात तो रोज नळीने, अगदी टापटिपीने, पोचवला जात होता.

"जंतुनाशकात जंतू?" मोठे साहेब हसले. "बाई, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे." मग त्यांनी संदर्भ प्रयोगशाळेचं पत्र वाचलं. पत्रात 'आपल्या स्वाक्षरीने पाठवलेल्या नमुन्यांसंदर्भात' असं लिहिलेलं होतं. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मग हळूहळू, हा शोध आपल्याच सहीने लागला आहे हे त्यांच्या ध्यानात यायला लागलं, आणि चेहऱ्यावर रंग परत आला.

यानंतर समिती नेमली गेली. समितीने सहा बैठका घेतल्या. टब फेकला, नळ्या बदलल्या, ही दोन कामं पहिल्याच दिवशी झाली होती. उरलेल्या पाच बैठका दोष कोणाचा यावर झाल्या. ताई रडल्या. कॅन पुरवणारा म्हणाला, पातळ कोणी केलं? साहेब म्हणाले, आमच्या विभागाने तर शोधून काढलं. शेवटी समितीला दोषी सापडला. विनापरवानगी जुना इन्क्युबेटर चालू केला, शासकीय परिपत्रकं टेबलाखाली ठेवली आणि अनधिकृत कागदावर वैद्यकीय माहिती दिली, याबद्दल बेडकेबाईंना कारणे दाखवा नोटीस आली.

यजमानांनी नोटीस वाचली. लग्नाला तेहतीस वर्षं झाल्यावर त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "सांग मला. पहिल्यापासून सांग." बाईंनी सांगितलं, टब, बेडका, ठिपके, सगळं. यजमानांचा हात दोनदा ताटात थांबला, पण ते उठले नाहीत. मग उत्तराचा कागद त्यांनीच सुबक अक्षरात लिहून काढला. मजकूर बाईंचा, एकच वाक्य: 'वरील तिन्ही गोष्टी मी केल्या आहेत आणि कारण रुग्णांच्या फाइलीत आहे.'

नोटिशीचं पुढे काही झालं नाही. ती कुठल्या तरी टेबलावर अडकली. साहेबांनी मात्र पुढच्या परिषदेत 'जंतुनाशकातील जंतू: आमचे निरीक्षण' यावर भाषण केलं. त्यांना ढाल मिळाली. पडद्यावरच्या शेवटच्या चित्रात बारीक अक्षरात होतं, 'तांत्रिक साहाय्य: विभागातील कर्मचारी.' ढाल मशीनवर ठेवली. फलकही खाली उतरवला गेला. साहेबांनी भाषणात सांगितलं होतं की आमच्याकडे पहिल्यापासून पाच दिवसच ठेवतात.

या सगळ्यात गणिताचा शिक्षक मात्र वाचला नाही. त्याचं औषध बदलेपर्यंत फार उशीर झाला होता. त्याची आई एकदा खिडकीशी आली आणि त्याच्या शेवटच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन गेली. तिला तो कशाला हवा होता कोण जाणे. बाईंनी तिला बसायला खुर्ची दिली, आणि दोघी थोडा वेळ बसल्या. ती आई समितीसमोर कधी आली नाही, तिला कोणी बोलावलंही नव्हतं.

शाळकरी पोर सावरली. आणि मुलगी महिनाभर दाखल राहून घरी गेली, तीन किलो कमावून. मग एक दिवस ती खिडकीशी आली. या जंतूमुळे आता तिचा वार वेगळा होता, दारही वेगळं.

"डॉक्टर म्हणाले, हा जंतू असला की फुप्फुसं बदलायची शस्त्रक्रिया बहुतेक ठिकाणी करत नाहीत. वाट बघणाऱ्यांच्या यादीतून नाव काढलं माझं."

बाईंना हे माहीत होतं. "मी तो शोधला नसता तर..." त्या बोलू लागल्या.

"तर यादीत नाव राहिलं असतं आणि मी नसते," मुलगी म्हणाली. "बाई, लोकांना खोटं गोड बोलून गिऱ्हाईक करायचं काम मी चार वर्षं केलंय. मला तरी कोणी तसं विकू नये." मग ती थांबली. "दाखवता का मला? कसा दिसतो?"

नियमात बसत नव्हतं. बाईंनी झाकण चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद केलेली प्लेट आतून काचेला लावून धरली. मुलगी बाहेरून नाक काचेपर्यंत आणून बघत राहिली.

"हा एवढासा? मला वाटलं, काही तरी भारदस्त असेल." तिने आणखी थोडं वाकून पाहिलं. "दिसायला बरा आहे हो. माझ्या आधीच्या साहेबांपेक्षा तरी बरा."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले. मुलीने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने नवी नोकरी धरल्याचं सांगितलं. त्याच कंपनीत, पण आता तक्रारी ऐकून घ्यायच्या खात्यात. तिथे खोकला आला तरी चालतं, तक्रार करणारा फोन ठेवत नाही, उलट थांबून विचारतो, बाई पाणी घेता का. श्वासाचा आकडा त्या हिवाळ्यात खाली गेला नाही. वरही आला नाही, पण खाली गेला नाही. तीन महिन्यांनी यायची तारीख तिने बाईंकडूनच लिहून घेतली, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि जिन्याने, मध्ये दोनदा थांबून, खाली गेली.